साय-फाय आरपीजीत हाणामारी कशी खेळवायची: कराटे कमी, कुस्ती जास्त

साय-फाय आरपीजी (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायचा रोल-प्लेइंग गेम) खेळणाऱ्या बहुतेक ग्रुपमध्ये एक जण असा असतोच ज्याला बंदूक नको असते. कॅरेक्टर शीटवर तो मोठ्या अक्षरात 'मार्शल आर्ट्स' लिहितो आणि मग सेशनभर "मी पंच मारतो" एवढंच बोलतो, डाइस (फासे) टाकतो, आकडा सांगतो, जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) हिट पॉइंट (जीव मोजायचा आकडा) वजा करतो, झालं. शेजारचा रायफलवाला त्याच टर्नमध्ये दोन-तीन जण आडवे करून मोकळा आणि हा अजून पहिल्याच गार्डशी झटापट करतोय. यात प्लेअरची काही चूक नसते आणि बऱ्याचदा सिस्टिमचीही (म्हणजे गेमच्या नियमांचीही) नसते, जीएमने मारामारीला जागाच दिलेली नसते. जागा म्हणजे अक्षरशः जागा हां. पाय कुठे टेकलाय, हात कशाला धरलाय, गुरुत्वाकर्षण किती, अंगावर सूट आहे का नाही. हे चार प्रश्न विचारले की तोच पंचवाला टेबलवरचा सगळ्यात भारी प्लेअर होतो.

आम्ही नाशकात इंदिरानगरला एकाच्या हॉलमध्ये खेळतो. ग्रुपमधला एक जण लहानपणी तालमीत जायचा आणि एक ताई शाळेत मल्लखांब करायची, आणि ह्या दोघांनी मिळून जीएमचं (म्हणजे माझं) डोकं इतकं खाल्लं की शेवटी हे सगळं नीट लिहून काढायला लागलं. त्यामुळे खाली जे आहे ते चायनीज पिक्चर बघून आलेलं नाही, त्याला मातीचा वास आहे, चालवून घ्या.

आधी बंदुकीचं काय ते बघा

प्लेअर पहिल्यांदा हेच विचारणार की लेझर असताना हाताने कोण मारामारी करतं. याचं उत्तर तुमच्याकडे सेशनच्या आधी तयार पाहिजे. नेहमीचं उत्तर असतं की गोळी झाडली तर भिंतीला भोक पडेल आणि सगळे बाहेर खेचले जातील. हे वापरू नका, खोटं आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्पेस स्टेशनला जोडलेल्या सोयूझ यानात साधारण २ मिलिमीटरचं भोक सापडलं होतं, प्रेशर हळूहळू उतरत होतं, कोणी खेचलं-बिचलं गेलं नाही, लोकांनी निवांत भोक शोधलं आणि इपॉक्सी लावून बुजवलं. बंदुकीच्या गोळीचं भोक थोडं मोठं पडेल पण तरी आधी शिट्टी वाजेल आणि मग धावपळ होईल, पिक्चरसारखं काही होणार नाही.

खरी कारणं याच्यापेक्षा चांगली आहेत. भिंतीच्या आत काय काय पळतंय ते बघा, ऑक्सिजनच्या लाइनी, वायरिंग, कूलंट. आयएसएसच्या (आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनच्या) बाहेरच्या कूलिंगमध्ये अमोनिया आहे, तो आत आला तर दोस्त-दुश्मन सगळेच गेले. दुसरं कारण कायदा, प्रत्येक डॉकवर (यान लागतं त्या धक्क्यावर) हत्यारं जमा करायला लावा, विषय संपला. तिसरं म्हणजे अंतर, कॉरिडॉरमध्ये वळण घेतलं की समोरचा हातभर लांब असतो, तिथे रायफल वळवायलाच जागा नाही. आणि माझं सगळ्यात आवडतं, माणूस जिवंत हवाय. पायलट आहे, पासवर्ड त्याच्या डोक्यात आहे, किंवा तो तुमच्याच कॅप्टनचा मेव्हणा आहे. मेव्हण्यावर कोणी प्लाझ्मा झाडत नाही, निदान दुसऱ्या सेशनपर्यंत तरी.

कोणती सिस्टिम घ्यायची

यावर फार वेळ घालवू नका, जी घरात आहे ती घ्या. फक्त एक गोष्ट आवर्जून बघा, एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, किती सेकंदांचा आहे. गर्प्समध्ये टर्न १ सेकंदाचा असतो, सायबरपंक रेडमध्ये राउंड साधारण ३ सेकंदांचा, मॉंगूस कंपनीच्या ट्रॅव्हलरमध्ये आणि स्टार्स विदाउट नंबरमध्ये ६ सेकंद. कुस्तीवाल्याला विचारा ६ सेकंदात काय काय होतं, पकड, झटका, पट (समोरच्याचा पाय ओढणं), खाली, अर्धी कुस्ती संपते. १ सेकंदात फक्त हात पोहोचतो. म्हणजे गर्प्समध्ये प्रत्येक पकडीचा वेगळा रोल छान वाटतो, पण तेच ट्रॅव्हलरमध्ये कराल तर प्लेअर वैतागतील, तिथे एका रोलमध्ये अख्खा डाव बसवायचा.

बाकी थोडक्यात सांगतो. स्टार्स विदाउट नंबर, २०१७ ची रिव्हाइज्ड, हिची फुकट पीडीएफ अधिकृतपणे मिळते, त्यामुळे नवीन ग्रुपने हिच्यापासून सुरू करायला हरकत नाही. यात पंच नावाचं स्किलच आहे, आणि अनआर्म्ड कॉम्बॅटंट नावाचा फोकस (पात्राची खासियत) घेतला की रिकाम्या हाताचं डॅमेज १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) पासून सुरू होऊन स्किल वाढेल तसं १डी१२ पर्यंत जातं, म्हणजे पंचवाला रायफलवाल्याच्या मागे पडत नाही. सायबरपंक रेडमध्ये मार्शल आर्ट्स शिकायला साध्या स्किलच्या दुप्पट पॉइंट लागतात, पण बदल्यात समोरच्याचं चिलखत अर्धंच मोजलं जातं, आणि नुसत्या ब्रॉलिंगला ही सवलत नाही. हा फरक छान आहे, गल्लीतली मारामारी वेगळी आणि शिकलेली वेगळी हे एका ओळीत कळतं.

पण माझ्या मते या कामासाठी सगळ्यात गोड सिस्टिम ट्रॅव्हलर. १९७७ पासून चालू आहे, २डी६ टाका, ८ किंवा जास्त आलं की जमलं. मॉंगूसच्या आवृत्तीत मार लागला की आधी एंड्युरन्स कमी होतो, तो संपला की स्ट्रेंथ नाहीतर डेक्स्टेरिटी. म्हणजे आधी दम जातो, मग हातपाय जातात, आणि हातपाय गेले की तुमचे पुढचे रोलही बिघडतात. ज्याने कोणी हे लिहिलं त्याने कधीतरी दमेपर्यंत कुस्ती खेळलेली असणार असं आमच्या पैलवानाचं ठाम मत आहे. शिवाय यात झोंबी (धरपकड, इंग्रजीतलं ग्रॅपल) लागली की दोघं समोरासमोर मेली (हातघाईचा) रोल करतात आणि जिंकणारा ठरवतो काय करायचं, पाडायचं का हत्यार काढून घ्यायचं का फेकायचं का ओढत न्यायचं. हे 'जिंकणारा ठरवतो' फार महत्त्वाचं आहे, पुढे लागेल.

झिरो-जी: इथे सगळा खेळ आहे

वजन नसलं की पहिली गोष्ट ही होते की तुमचा पंच तुम्हालाच मागे नेतो. न्यूटनचा तिसरा नियम, नववीत पाठ केलेला. हिशोबापुरतं धरा की हाताचं वजन ३ किलो आणि वेग सेकंदाला ८ मीटर, तर ७० किलोचा माणूस प्रत्येक ठोशागणिक सेकंदाला ३०-३५ सेंटिमीटर वेगाने मागे जायला लागतो. पुढचा ठोसा पोहोचतच नाही. त्यात ठोसा बरोबर मध्यावर नसेल, आणि तो कधीच नसतो, तर माणूस गरगर फिरायला लागतो. गोल फिरून मारायची किक तर विसराच, मारणारा आणि खाणारा दोघेही भिंगरी.

मग चालतं काय? धरून ठेवलेलं चालतं. हे नुसतं माझं म्हणणं नाही. १९६६ च्या जूनमध्ये नासाच्या जेमिनी ९ यानातून अंतराळवीर जीन सर्नन बाहेर पडला, काम साधंच होतं, पण पाय अडकवायला आणि हाताने धरायला नीट सोय नव्हती, त्यामुळे प्रत्येक हालचालीला अख्खं अंग उलट फिरायचं, माणूस घामाघूम झाला, हेल्मेटची काच आतून धुक्याने भरली आणि काम अर्धवट टाकून आत यावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी १२ ला पाय अडकवायच्या खोबण्या आणि धरायला कड्या लावल्या, बझ ऑल्ड्रिनने पाण्याखाली सराव केला आणि आरामात काम करून दाखवलं. माणसाची ताकद बदलली नाही, कडी बदलली. तेव्हा झिरो-जीमध्ये खरा स्टॅट स्ट्रेंथ नाही, कडी आहे.

आमच्या मल्लखांबवाल्या ताईने हे ऐकल्यावर एवढंच म्हटलं की अढी लागते. मल्लखांब न केलेल्यांसाठी सांगतो, अढी म्हणजे पायांनी खांबाला घातलेली पकड, दोन्ही हात मोकळे राहतात आणि माणूस खांबावरच राहतो. स्टेशनमध्ये रेलिंग, पाइप, सीटचा दांडा, काहीही खांब आहे. ज्याची अढी लागली त्याच्या ठोशामागे अख्खं जहाज उभं, ज्याची नाही लागली तो फुकट हात हलवतोय. दोरीचा मल्लखांब करणारे तर टेदरवर (यानाला बांधून ठेवणाऱ्या दोरीवर) थेट कामाला येतील.

कुस्तीचे डावही तपासून घ्या, सगळे चालत नाहीत. धोबीपछाड घातली की पृथ्वीवर समोरचा पाठीवरून येऊन आपटतो, झिरो-जीत तो पाठीवरून येतो आणि तसाच पुढे निघून जातो, पछाड राहूनच जाते, आणि तुम्ही उलट्या दिशेला फिरत बसता. कैची मात्र चालते, पायांनी कंबर आवळायची, याला खाली जमीन लागतच नाही. मनगटाची पकड, बगलेतून काढलेला हात, मागून घातलेली मिठी, हे सगळं चालतं. थोडक्यात जे डाव समोरच्याच्या वजनावर अवलंबून आहेत ते बाद, जे पकडीवर आहेत ते पास.

आणि चितपट? मातीत खांदे टेकले की कुस्ती संपली. इथे टेकायलाच काही नाही, मग हार-जीत कशावर ठरवायची यावर आमच्याकडे बराच वाद झाला आणि त्यातून जे निघालं ते मला अजून या सगळ्यातलं सगळ्यात आवडतं. समोरच्याची अढी सोडवायची, त्याच्या हातातली कडी सोडवायची आणि त्याला खोलीच्या मध्यावर अधांतरी सोडून द्यायचं. बस. त्याला हात लागत नाही, पाय लागत नाही, जवळ कोणी नाही, तो कितीही पोहायचा प्रयत्न करू दे. त्याच्याकडे एकच उपाय, काहीतरी फेकायचं. अर्ध्या किलोचा बूट काढून सेकंदाला १० मीटर वेगाने भिरकावला तर ७० किलोचा माणूस उलट दिशेला सेकंदाला ७ सेंटिमीटरने सरकतो, २ मीटरवरच्या भिंतीला पोहोचायला अर्धा मिनिट. टेबलवर एखादा व्हिलन असा बूट, बेल्ट, शेवटी गळ्यातली चेन फेकत भिंतीकडे सरकतोय हे एकदा खेळवून बघा, लोक हसून लोळतात.

एक सांभाळा, ढकललं की तो काही मध्यावर थांबत नाही. सेकंदाला १ मीटरने गेला आणि खोली ४ मीटरची असली तर ४ सेकंदात पलीकडच्या भिंतीला लागला. गर्प्समध्ये हे चार टर्न झाले, मजा आली. ट्रॅव्हलरच्या ६ सेकंदांच्या राउंडमध्ये तो पुढच्या टर्नच्या आत भिंत पकडून परत तयार. म्हणून लांब राउंडच्या सिस्टिममध्ये अरुंद कॉरिडॉरला अधांतर नाही, त्यासाठी मोठा हँगर किंवा कार्गो बे हवा. नाहीतर हळू सोडायला शिकलेला वस्ताद हवा.

चंद्र, मंगळ आणि फिरणारं स्टेशन

चंद्रावर वजन सहावा हिस्सा, मंगळावर साधारण ३८ टक्के. प्लेअरला वाटतं आपण सुपरमॅन झालो. होता, पण अर्धेच. पृथ्वीवर ४० सेंटिमीटर उडी मारणारा माणूस चंद्रावरच्या डोममध्ये, सूट नसताना, तेवढ्याच जोराने २.४ मीटर वर जाईल, पण खाली यायला धरून साडेतीन सेकंद हवेत असेल आणि त्या साडेतीन सेकंदात त्याला दिशा बदलता येत नाही. फ्लाइंग किक मारणाऱ्याला लोक खाली उभं राहून निवांत नेम धरून मारतील. कलाजंग डावासाठी माणूस खांद्यावर उचलणं सोपं, एकदम सोपं, पण दीड मीटरवरून टाकला तर पृथ्वीवर तो सेकंदाला साडेपाच मीटरच्या आसपास वेगाने आदळतो, चंद्रावर सव्वादोन मीटरसुद्धा नाही. उठून कपडे झटकेल. आणि पाय घसरतात, कारण घर्षण वजनावर असतं, पट काढायला पुढे झेपावलात की पाय मागे जातो. तेव्हा चंद्रावर फेकणं हे डॅमेजसाठी नाही, माणूस हवा तिथे न्यायला. लिफ्टच्या खड्ड्यात, बंद होणाऱ्या दारात, पोलिसाच्या अंगावर.

फिरणाऱ्या स्टेशनवर अजून गंमत. मिनिटाला २ फेऱ्यांनी पूर्ण १ जी (पृथ्वीइतकं वजन) हवं असेल तर त्रिज्या साधारण २२४ मीटर लागते. लहान स्टेशन, ५० मीटर त्रिज्येचं, त्याला मिनिटाला चारपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या लागतात, आणि तिथे फिरण्याच्या दिशेने सेकंदाला ५ मीटरने पळालात तर तुमचं वजन दीडपट होतं, उलट दिशेला पळालात तर ६० टक्के राहतं. हे प्लेअरला कळलं की मारामारीत दिशा येते. जड व्हायचंय का हलकं? लोकल पोरं उलट दिशेने येऊन उड्या मारतात, बाहेरून आलेला पहिल्याच ठोशाला तोंडावर पडतो कारण फेकलेली वस्तूही सरळ जात नाही. रूल म्हणाल तर एवढाच: जो इथे वाढलाय त्याला काही नाही, बाकीच्यांना पहिले दोन-तीन राउंड उणे १. जास्त गणित टेबलवर आणू नका, मी आणलं होतं, एक जण चहा करायला गेला तो आलाच नाही.

सूट घातला की

प्रेशर सूट म्हणजे फुगवलेल्या फुटबॉलमध्ये बसलेला माणूस. १८ मार्च १९६५ ला सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यानातून पहिल्यांदा बाहेर पडला तेव्हा सूट इतका फुगला की एअरलॉकमध्ये परत शिरता येईना, शेवटी आतली हवा थोडी सोडून द्यावी लागली. ग्लोव्हमध्ये मूठ आवळणं हेच काम असतं, बोटं दुखतात, नखं जातात. म्हणून सूटमध्ये मनगटाचे नाजूक डाव बंद, मोठ्या सांध्यांचे चालू, आणि एंड्युरन्सचा एक पॉइंट दर राउंडला काढून घ्या, मारामारी आपोआप छोटी होते. सूट फाटला तर? माणूस फुटत नाही. १९६६ मध्ये ह्यूस्टनला व्हॅक्यूम चेंबरमध्ये एका टेक्निशियनच्या सूटची हवा गेली होती, तो साधारण १४ सेकंद शुद्धीवर होता, लगेच प्रेशर परत दिलं आणि तो वाचला. ६ सेकंदांच्या राउंडमध्ये ही दोन राउंडची शुद्ध झाली. दोन राउंड म्हणजे सोबत्याला एक निर्णय घ्यायला पुरेसा वेळ आणि दुसरा घ्यायला अजिबात नाही.

आपला डाव लिहायचा कसा

रूलबुकातल्या स्टाइल घेतल्या तरी चालतं, कराटे, ज्युडो, आयकिडो सगळं असतं. पण हजार वर्षांनंतरच्या लघुग्रहावर खाणकाम करणारी माणसं टोकियोतलं कराटे जसंच्या तसं कशाला करतील? त्यांच्याकडे जे आहे त्यातूनच त्यांची विद्या निघणार, टेदर, पाइप, अंधार, आठ तासांची शिफ्ट. तेव्हा स्टाइल बनवताना आधी ठरवा हे लोक पोटासाठी काय करतात, मग मारामारी आपोआप सुचते.

जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे एक डाव लिहायचा. नाव लिहा, मग त्याला काय लागतं ते, मग जमला तर काय होतं आणि फसला तर काय होतं. बोनस लिहायचा नाही, लिहिलाच तर +१, त्याच्यापुढे नाही. बोनस वाढवला की प्लेअर परत आकड्यांकडे बघायला लागतो आणि आपण पहिल्या पॅराग्राफवर येतो. 'काय लागतं' ही ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण त्यामुळे प्लेअर खोलीत शोधायला लागतो. एका स्टाइलला सुरुवातीला तीनच डाव पुरे.

आमच्या खाणकामगारांची स्टाइल आम्ही अढीपेच म्हणतो. पहिला डाव अढी, लागतो खांब किंवा पाइप, जमली की पुढे तुमचा धक्का तुम्हाला हलवत नाही आणि झोंबीत +१, पण सोडल्याशिवाय जागा बदलता येत नाही, आणि फसली तर पाय पाइपात अडकलाय आणि समोरच्याला ते दिसलंय. दुसरा अधांतर, याला तुमची अढी लागलेली पाहिजे, झोंबी जिंकलेली पाहिजे आणि मोकळी जागा पाहिजे. ट्रॅव्हलरमध्ये तो 'जिंकणारा ठरवतो' आहे ना, त्यात हा एक पर्याय वाढवायचा. डॅमेज शून्य. समोरच्याचे जवळचे हल्ले बंद, चुकवणं बंद, बंदूक झाडली तर स्वतःच फिरायला लागतो. फसला तर तुमची अढी सुटली आणि आता दोघेही हवेत मिठी मारून तरंगताय, बोला काय करताय.

तिसरा डाव विटा, आणि हा थेट मर्दानी खेळातून उचललाय. विटा म्हणजे दोरी लावलेला भाला, दोरीचं दुसरं टोक मनगटाला, फेकायचा आणि दोरीने परत ओढायचा. मराठ्यांचं हत्यार, कोल्हापूरकडे अजून खेळतात. हे बघितल्यावर मला पहिला विचार हाच आला की हे तर स्पेसवॉकसाठीच बनवलंय. टोकाला पात्याऐवजी आकडा लावा, १० मीटर टेदर, लागतं काय तर अढी, नाहीतर फेकताना तुम्हीच मागे जाल. जमलं तर समोरचा तुमच्याकडे ओढला जातो किंवा त्याच्या हातातली वस्तू येते. फसलं तर दोरी त्याच्या हातात आणि तुमचं मनगट दोरीत. दोघंही सुटे असतील तर दोघंही एकमेकांकडे येणार, हलका जास्त जोरात येणार. ही धडक टळत नाही, त्यात काय करायचं ते दोघांनी एकाच वेळी चिठ्ठीवर लिहायचं.

नवा डाव एक्सपीरियन्स पॉइंटने विकत देऊ नका. कोणीतरी शिकवला पाहिजे. वस्ताद एक डाव राखून ठेवतो असं आपल्याकडे म्हणतात, आणि जीएमसाठी यासारखी सोय नाही, तो राखून ठेवलेला डाव कोणाकडे आहे, त्याने का नाही शिकवला, आता तो ज्या ग्रहावर आहे तिथे जायला इंधन कुठून आणायचं, तीन महिन्यांचं कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट) तयार.

एलियन आणि रोबोटसाठी वेगळे रूल करू नका, कार्डावरची 'काय लागतं' ओळ वाचा आणि उत्तर आपोआप मिळतं. टांग मारताना पायाची आकडी लागते, समोरच्याला पायच नसतील तर टांग नाही. चार हातवाल्याची अढी हातानेच लागते आणि दोन हात उरतात, त्याला घाबरा. एक्लिप्स फेज खेळत असाल तर तिथे माणूस शरीरच बदलतो, मग डाव डोक्यात राहतो का अंगात यावर तुमच्या टेबलने एकदाच काय ते ठरवा, आम्ही ठरवलं की डोक्यात राहतो पण नवीन शरीरात पहिली मारामारी उणे २ ने.

टेबलवर

मॅप काढा आणि त्यावर कड्या दाखवा. आम्ही शेंगदाणे ठेवतो, एक दाणा एक कडी. कोणी खाल्ला तर ती कडी तुटली, हा हाउस रूल गंमत म्हणून सुरू झाला पण आता लोक मुद्दाम दुश्मनाजवळचे दाणे खातात. द्राक्षं वापरू नका, सीझनमध्ये नाशकात प्रत्येकाच्या घरात असतात म्हणून मोह होतो पण घरंगळतात.

प्लेअर "मी मारतो" म्हणाला की रोल करू देऊ नका, आधी विचारा कशाला धरलंय, त्याला कुठे पाठवायचंय, आणि त्यासाठी काय सोडायला तयार आहेस. तिसरा प्रश्न सोडू नका. कडी सोडणार का हत्यार, का सोबत्याचा हात. हे विचारून रोल केला की फसलेल्या रोलचं काय करायचं हा प्रश्न उरत नाही, जे सोडायला तयार होता ते गेलं.

वर्णन येत नाही अशी तक्रार असेल तर कुस्ती बघा. यात्रेच्या सीझनमध्ये जिल्ह्यात कुठे ना कुठे दंगल असतेच, जाऊन आखाड्याच्या कडेला बसा. नाहीतर जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरी फायनल शोधा, हर्षवर्धन सदगीर नाशिककडून खेळून गदा घेऊन आला होता, आवाज बंद करून बघा आणि कोण कशाला धरतंय तेवढंच तोंडाने बोलत जा. आठवडाभरात जीभ सुटते.

पहिल्या सेशनसाठी एक वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारी गोष्ट)

नाशिकला २०२७ चा सिंहस्थ येतोय त्यामुळे हे सुचलं. आपल्याकडे वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात, कारण पूर्वी दोघांत मानावरून मोठी भांडणं झालेली. आता हेच वर न्या. एक धूमकेतू १२ वर्षांनी येतो, त्याच्या बर्फाच्या पाण्याने पहिलं स्नान कोणाचं यावर दोन पंथ भांडतात, आणि तिथे त्र्यंबक नाही, डॉक एकच आहे. पंथ काल्पनिकच ठेवा, खऱ्या आखाड्यांची नावं टेबलवर आणू नका, ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि आपण दाणे खात खेळतोय. डॉकवर हत्यारांना बंदी, स्टेशन फिरायचं थांबवलंय म्हणजे झिरो-जी, मोठा हँगर, मध्ये एकच जाड खांब आणि भिंतीला विरळ कड्या. प्लेअर स्टेशनचे सिक्युरिटीवाले. एअरलॉक उघडेपर्यंत दोन्ही बाजूंच्या शंभर-शंभर लोकांना वेगळं ठेवायचं, कोणी मेलं तर नोकरी गेली आणि वर दंगल.

डॅमेजचा इथे काही उपयोगच नाही, माणसं अधांतरी सोडत राहायची आणि कोण भिंतीला कधी पोहोचतंय त्याचा हिशोब ठेवायचा. एका बाजूला एक म्हातारा वस्ताद ठेवा, तो पूर्ण वेळ त्या मधल्या खांबावर अढी घालून शांत बसलाय आणि कोणालाही हात लावत नाही, त्याला कोणी हात लावेपर्यंत. एअरलॉक किती राउंडनी उघडेल तो आकडा सेशनच्या आधीच कागदावर लिहून मॅपखाली पालथा ठेवा, नाहीतर मधेच दया येते आणि लवकर उघडून टाकता.